मंत्र हरवलेल्या देवतांची उपासना

देवाची पूजा करावयाची आहे. परंतु त्याचा मंत्र कोणास ठाऊक नाही, कथा अर्धीमुर्धी उरलेली आहे, पुजारी जाऊन दीड हजार वर्षे लोटली आहेत आणि देवळाचे जोतेसुद्धा जमिनीतून उकरून काढावे लागते. अशा स्थितीत एखाद्या माणसाने आरंभ कोठून करावा? प्रश्न विलक्षण वाटेल. पण ब्रिटनमध्ये आज काही माणसे तो स्वतःला गंभीरपणे विचारीत आहेत. २०२१ च्या शिरगणतीत इंग्लंड व वेल्समधील सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म 'पेगन' असा नोंदविला. ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या देवतांना किंवा निसर्गातील शक्तींना मानणारे नाना पंथ या एका नावाखाली येतात. त्यांपैकी जे थोडे लोक बेटाच्या प्राचीन ब्रिथॉनिक देवतांकडे वळतात, त्यांच्या साधनेचा आरंभ कसा होतो व कसा व्हावा, एवढाच विचार आम्ही येथे करणार आहोत.

आपणांस हा प्रश्न समजण्यास थोडे सायास पडतील. आपल्या घरांतून आजी देव धुऊ लागली की नात शेजारी बसते आणि फुले कोणती वाहावयाची हे तिला न शिकविता येते. ही साखळी मधेच तुटली म्हणजे काय होते, हे आपणांस कल्पनेनेच जाणावे लागते. म्हणून प्रथम ती कशी तुटली ते पाहू.

अँग्लो-सॅक्सन टोळ्या ब्रिटनमध्ये येण्यापूर्वी त्या बेटाच्या फार मोठ्या भागात जी केल्टिक भाषा बोलली जाई, तिला पंडित ब्रिथॉनिक असे म्हणतात. वेल्श, कॉर्निश आणि फ्रान्सच्या वायव्य टोकाची ब्रेतॉन या तिच्याच लेकी. या लोकांचे धर्मज्ञ म्हणजे ड्रुइड. आपली विद्या लिहून ठेवणे त्यांस गैर वाटे, असे सीझरने नमूद केले आहे. इ. स. ४३ मध्ये रोमन फौजा बेटावर उतरल्या. ६० च्या सुमारास त्यांनी वेल्सच्या वायव्येकडील मोन या बेटावर चालून जाऊन तेथील पवित्र राया तोडल्या. पुढे ख्रिस्ती धर्म आला. जी विद्या केवळ कंठगत होती, ती कंठांबरोबर गेली. उरला नाही एकही स्तोत्रग्रंथ, उरला नाही एकही पूजाविधी.

मग उरले तरी काय? तीन गोष्टी उरल्या: दगड, कथा आणि भूमी.

दगडांचा पुरावा सर्वांत विश्वसनीय. बाथ येथे सुमारे ४६ अंश सेल्सिअस उष्णतेचा नैसर्गिक झरा आहे. तेथील देवता सलिस. रोमनांनी तिला आपल्या मिनर्व्हाशी जोडून तेथे देऊळ बांधले. त्या झऱ्यात १२ हजारांवर नाणी आणि सुमारे १३० लिखित पत्रे सापडले आहेत. शिसे वा कथिलमिश्रित धातूच्या या पातळ पत्र्यांवर लॅटिनमध्ये देवीपाशी गाऱ्हाणी घातलेली आहेत. कोणाचा अंगरखा चोरीस गेला, कोणाचे हातमोजे. चोर स्त्री असो वा पुरुष, दास असो वा स्वतंत्र, देवीने त्यास सोडू नये! भक्तीचे हे रूप फार उदात्त नसेल, पण ते खरे आहे. देवी ऐकते, हा विश्वास त्या खरडलेल्या अक्षरांत अजून दिसतो.

दुसरे स्थान ग्लॉस्टरशरमधील लिडनी. सेव्हर्न नदीच्या वरच्या टेकडीवर नोडेन्स या देवाचे देवालय होते. १९२८–२९ मध्ये त्याचे उत्खनन मॉर्टिमर व्हीलर आणि त्यांच्या पत्नी टेसा यांनी केले. हेच व्हीलर पुढे १९४४ ते १९४८ या काळात आपल्या देशाच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. लिडनीस काशाच्या कुत्र्यांच्या लहान मूर्ती मिळाल्या, आणि देवळाजवळ खोल्यांची एक लांबलचक ओळही मिळाली. त्यावरून व्हीलरांनी असे अनुमान बांधले की, रोगी तेथे निजून स्वप्नात देवाचा कौल घेत असावेत. 'असावेत' हा शब्द आपण ध्यानात ठेवावा. त्याचे काम पुढे पडणार आहे.

आता कथा. 'मॅबिनोगिअन' या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या वेल्श कथा चौदाव्या शतकाच्या आसपासच्या हस्तलिखितांत टिकल्या आहेत. त्या लिहिल्या ख्रिस्ती समाजातील लोकांनी. त्यांत 'अमुक ही देवता होय' असे कोठेही म्हटलेले नाही. परंतु नावे बोलतात. कथांतील नीद हे नाव नोडेन्सचेच उत्तररूप आहे. तीन रात्रींचा असताना आईपासून हिरावला गेलेला मॅबन म्हणजे उत्तर ब्रिटनमधील शिलालेखांतला मपोनोस, 'दिव्य पुत्र'. आणि त्याची आई मोद्रॉन हिच्या नावात तर आपल्या 'मातृ' शब्दाचे सख्खे भावंड आहे. ऱ्हिआनन या घोडेस्वार राणीवर आपलेच मूल मारल्याचा खोटा आळ येतो आणि वाटसरूंना पाठीवर वाहून नेण्याची शिक्षा तिला भोगावी लागते. तिचे नाव 'रिगान्तोना', म्हणजे महाराणी, या प्राचीन रूपावरून आले असावे, असे भाषाशास्त्रज्ञ म्हणतात. पण ते रूप कोरलेला दगड सापडलेला नाही. तेव्हा ऱ्हिआननची देवी म्हणून उपासना करणारा जे करतो, ते अनुमानाच्या आधारावर करतो. त्यात वावगे काही नाही. मात्र ते त्यास ठाऊक असले पाहिजे.

हे ठाऊक असणे इतके महत्त्वाचे का, ते योलो मॉर्गनुगच्या उदाहरणावरून कळेल. एडवर्ड विल्यम्स हे त्याचे खरे नाव. जन्म १७४७, मृत्यू १८२६. व्यवसायाने पाथरवट, बुद्धीने असामान्य. वेल्सवर त्याचे अलोट प्रेम होते. पण त्याच्या प्रेमाला पुराव्यातली पोकळी सहन होईना. त्याने जुन्या कवींच्या नावावर स्वतःच्या कविता खपविल्या आणि ड्रुइडांचे म्हणून विधी रचले. १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोझ हिलवर दगडांचे वर्तुळ मांडून त्याने सत्याच्या जयघोषात आपला कविसमारंभ थाटाने साजरा केला! विसाव्या शतकात जी. जे. विल्यम्स या पंडिताने बनावट कागदांचा छडा लावला. तो समारंभ मात्र वेल्सच्या राष्ट्रीय साहित्योत्सवात अद्यापि होतो, आणि तो नवा आहे हे जाणूनही लोक त्यात आनंदाने भाग घेतात. यातील बोध स्पष्ट आहे. नवे रचणे हा दोष नव्हे; नव्याला जुने म्हणून खपविणे हा दोष.

म्हणून साधनेच्या आरंभी एक वही घ्यावी, असे आम्हांस वाटते. तिच्यात तीन रकाने आखावे: 'मिळालेले', 'अनुमानलेले' आणि 'आपण रचलेले'. बाथचा झरा व सलिसचे नाव पहिल्या रकान्यात. लिडनीचे स्वप्नकौल आणि ऱ्हिआननचे देवीपण दुसऱ्यात. आपण म्हणू ती प्रार्थना तिसऱ्यात. पुष्कळ पंथीय जे आठ सणांचे वर्षचक्र पाळतात ते विसाव्या शतकाच्या मध्यास जुळविलेले. तेही तिसऱ्या रकान्याजवळच बसेल. उलट १ मे व १ नोव्हेंबर हे वेल्श लोकांचे ऋतुदिन लोकपरंपरेत खरोखरच टिकून आहेत.

यानंतर भूमी. ब्रिथॉनिक देवतांपैकी कित्येक स्थानाला बांधलेल्या आहेत. म्हणून देवतांची लांबलचक यादी पाठ करण्यापेक्षा आपल्या घराजवळचे पाणी ओळखावे. ग्लॉस्टरला राहणाऱ्याने सेव्हर्नच्या काठी जावे. रोमन लेखकांनी या नदीस साब्रिना म्हटले, वेल्श लोक हाव्रेन म्हणतात. तिला भरती केव्हा येते, पूर कोठवर चढतो, काठावर कोणती झाडे आहेत, हे वर्षभर पाहावे. काठावरचा कचरा उचलणे हीही सेवाच. घरी एका फळीवर पाण्याचे भांडे व दिवा ठेवावा. नेमलेल्या वेळी भाकरीचा तुकडा वा दूध अर्पण करावे आणि आपल्या साध्या भाषेत दोन वाक्ये बोलावी. एक देवता, एक स्थान, एक वेळ. एवढे वर्षभर निभले तर पुढची पायरी आपोआप दिसते. उत्खननाच्या जागी मात्र नाणी टाकू नयेत, झाडांना न कुजणाऱ्या चिंध्या बांधू नयेत.

थोडी वेल्शही शिकावी. ती मृत भाषा नव्हे. २०२१ च्या शिरगणतीप्रमाणे वेल्समध्ये सुमारे ५ लाख ३८ हजार लोक ती बोलतात, आणि त्यांत ख्रिस्ती प्रार्थनामंदिराच्या संस्कारात वाढलेले पुष्कळ आहेत. त्यांच्या आजीच्या कथा घेऊन त्यांनाच खरा धर्म शिकवावयास जाणे हा उद्धटपणा होय.

आणखी एक गोष्ट अप्रिय असली तरी सांगितली पाहिजे. १९४२ मध्ये मोन बेटावर विमानतळ बांधताना ल्लिन केरिग बाख या तळ्याच्या गाळातून तलवारी, रथांचे भाग वगैरे दीडशेवर प्राचीन वस्तू निघाल्या. त्यांतली एक मजबूत लोखंडी साखळी कामगारांनी रुतलेल्या मोटारलॉऱ्या ओढण्यास वापरली; ती तुटली नाही. मागाहून कळले की, ती गुलामांच्या माना एका रांगेत जखडण्याची दोन हजार वर्षांपूर्वीची साखळी होती. ती पाण्यात वाहिली गेली ती देवतांनाच, असे पंडित मानतात. जुने ते सगळे पूज्य नसते. काय उचलावे व काय टाकावे याचा निर्णय आजच्या विवेकाने आजच्या माणसासच करावा लागतो. देवतांच्या नावावर तो ढकलता येत नाही.

अखेरीस आपल्यापुरते एक. चेस्टरजवळून वाहणाऱ्या डी नदीचे प्राचीन नाव देवा; अर्थ 'देवी'. उत्तर ब्रिटनच्या ब्रिगान्तिया देवीचे नाव आपल्या 'बृहती' शब्दाशी मुळात एक आहे. हे ऐकताच 'ते सारे आमच्याकडूनच गेले' असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. संस्कृत आणि केल्टिक एका मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, हा विचार १७८६ मध्ये कलकत्त्याच्या व्याख्यानात सर विल्यम जोन्स यांनी मांडला. आणि जोन्स यांचे वडील याच मोन बेटावरचे होते. बहिणी बहिणीच असतात. त्यांपैकी एकीला दुसरीची आई ठरविणे म्हणजे योलोचीच चूक आपल्या अंगणात करणे होय.

ज्यांची परंपरा अखंड आहे त्यांनाही हा तीन रकान्यांचा हिशेब उपकारक होईल. आपण नित्य करतो त्यांतले मिळालेले किती, मानलेले किती आणि कालपरवा रचलेले किती, हे आपण तरी कोठे तपासतो? सेव्हर्नच्या काठी उभा राहिलेला तो नवखा उपासक निदान एवढे म्हणू शकतो: 'हे शब्द माझे आहेत, नाव तुझे आहे, मधले मला ठाऊक नाही.' इतक्या प्रामाणिकपणे उच्चारलेली प्रार्थना कोणत्याही देवतेपुढे उणी ठरेल, असे आम्हांस वाटत नाही.