एका खाड्याचा हिशेब

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत सकाळच्या पाळीला गेटवर दोन रांगा लागतात. एक कायम कामगारांची, दुसरी ठेकेदाराच्या माणसांची, दुसरी लांब. बोट टेकवायचं, मशीन वाजलं की आत. कास्टिंग घासून ज्यांच्या बोटांच्या रेषा पुसट झाल्या, त्यांना मशीन ओळखत नाही. ते बोट पँटला पुसून पुन्हा टेकवतात, शेवटी सुपरवायझर वहीत नाव लिहितो. धानाची रोवणी किंवा लग्नसराई आली की रांग आखडते आणि ठेकेदाराचे फोन सुरू होतात: "दोन पोट्टे पाठव ना बे!"

नागपूरला हे दुखणं जुनंच. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला जुम्मा तलावाजवळ सुरू झाली, तेव्हा सुरुवातीच्या काळात पाचातला एक मजूर गैरहजर असे. कताईखात्यात तुटलेला धागा सांधायला माणूस नसेल तर चाती नुसतीच फिरते. कोळसा मात्र तेवढाच जळतो. दंड लावणं सोपं होतं. जमशेटजी आणि रेल्वेतून आलेले मॅनेजर बेझनजी मेहता यांनी बक्षीस समारंभ सुरू केले: घड्याळं, सोन्याच्या साखळ्या, रोख. 1886 मध्ये पेन्शन फंड आला, 1895 मध्ये अपघाताची भरपाई. सरकारचा भरपाईचा कायदा 1923 चा, भविष्यनिर्वाह निधीचा 1952 चा. गिरणीत हवा खेळती आणि दमट ठेवणारी यंत्रंही बसवली. दमट हवेत सूत कमी तुटतं, हे मालकाला ठाऊक होतंच. यात दानधर्म कमी, हिशेब जास्त. म्हणूनच मला तो पटतो. अर्थात साखळ्यांनी मजुरीचा प्रश्न सुटत नाही. आर. एस. रुईकरांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या गिरणी कामगारांनी पुढे संप केलेच. 2002 मध्ये मिल बंद झाली. जागेवर आता मॉल आहे.

आजचा उपाय म्हणजे हजेरी भत्ता. महिनाभर खाडा नाही तर पूर्ण, एक खाडा पडला की सगळा गेला. पाच तारखेला पोराला ताप आला, तर उरलेले दिवस भत्त्यासाठी येण्याचं कारणच संपतं. कामगाराला हे गणित बरोब्बर कळतं: "गेलाच ना, मंग उद्या गावाले जाऊन येतो." पेन्शन अशी एका खाड्यानं बुडत नाही, वर्षांसोबत साचते. इथे तर ठेकेदार बदलला की माणूस त्याच मशीनवर राहतो आणि नोकरीची वर्षं पुन्हा एकपासून मोजली जातात. वर मॅनेजर विचारतात, पोट्टे टिकत काहून नाहीत?