स्टेंट बसला, पण गोळ्या बंद करू नका

दिवाळीच्या आगेमागे आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांकडे निघतात. त्यात वर्षाच्या आत ॲन्जिओप्लास्टी झालेली माणसेही असतात. गोळ्या चालू आहेत का विचारले, की उत्तर येते, “ताई, स्प्रिंग बसवली ना, आता कशाला?” हा समज जिवावर बेतू शकतो.

ठिबकची नळी क्षाराने चोंदते, तशी हृदयाची रक्तवाहिनी चोंदत असेल असे आपल्याला वाटते. पण चरबी साठते ती वाहिनीच्या भिंतीत. तिथला पापुद्रा फाटला की त्यावर रक्ताची गुठळी धरते, वाट बंद होते आणि हार्ट अटॅक येतो. ॲन्जिओप्लास्टीत मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालतात, फुगा फुगवून वाट मोकळी करतात आणि तारेच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, तिथे बसवतात. माणूस जागाच असतो. छाती उघडतात ती बायपासमध्ये.

स्टेंट ही शरीराला परकी वस्तू. तिच्यावर आतले अस्तर चढायला काही महिने लागतात. तोवर तिच्यावरही गुठळी धरू शकते. म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळी, अशा दोन्ही देतात. अटॅकनंतर त्या बहुधा वर्षभर चालतात, पुढे एक सहसा कायमची. कोणती कधी थांबवायची हे हृदयाच्या डॉक्टरांनीच सांगायचे. मुकादमाने नाही, शेजाऱ्याने नाही. दात काढायचा असला तरी आधी त्यांना विचारा.

उचल घेतली म्हणून जावेच लागते, हे मला कळते. पण मोळी उचलून गाडी भरायचे काम कधीपासून करायचे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा आणि मुकादमालाही आधीच सांगा. पूर्ण हंगामाच्या गोळ्या, चिठ्ठी आणि डिस्चार्ज कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्या. जनऔषधी दुकानात याच गोळ्या स्वस्त मिळतात. फडात अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारखी गोळी सर्रास खाल्ली जाते; हृदयाच्या रुग्णाने ती मनाने घेऊ नये. तंबाखू आणि मिसरी तर सोडायचीच. पाठवणी करताना भाकरी बांधता, तशी ही पिशवीही घरच्यांनीच बांधून द्यावी.

पैशाअभावी उपचार टाळू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ॲन्जिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही बसतात. रुग्णालय योजनेत आहे का, ते १५५३८८ या क्रमांकावर विचारा. तिथल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार दाखवा. स्टेंटच्या किमतीवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे, त्यामुळे खाजगी दवाखान्यातही बिलात स्टेंटची किंमत वेगळी लिहून मागा.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम आला तर पित्त म्हणून सोडा पीत बसू नका. १०८ ला फोन करा, ईसीजी काढा. बायकांना आणि शुगरवाल्यांना कधी नुसती धाप लागते, मळमळते, गळून जायला होते. तेव्हाही ईसीजी काढाच.