नाणं पडल्यावर घोडा थांबवायचा कोणी?

तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाने नाणं टाकून हलणाऱ्या जुन्या घोड्यावर बोलावं, याचं काहींना हसू येईल. पण लोणारकरांना यात्रा नवी नाही. नवरात्रात कमळजा देवीला गर्दी होतेच. जत्रेतला पाळणा माणूस चालवतो आणि फेरी कधी संपवायची तेही तोच ठरवतो. नाण्याच्या घोड्यापाशी असा माणूस नसतो. म्हणून जुना घोडा दुरुस्त करताना रंग आणि बेअरिंग ही सोपी कामं. अवघड प्रश्न एकच: थांबवायचं कोणी?

याचं एक फार जुनं उत्तर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने देवळातल्या पाणी देणाऱ्या यंत्राचं वर्णन केलं. नाणं तबकडीवर पडे, वजनाने तरफ झुके, झडप उघडे. तबकडी कलली की नाणं घसरे आणि झडप बंद होई. म्हणजे नाणं आहे तोवर पाणी.

घोड्याचं तसं नाही. नाणं क्षणात डब्यात जातं, घोडा मात्र मिनिटभर हलायला हवा. सांख्यांचा कुंभाराच्या चाकाचा दृष्टांत आठवा. काठी काढून घेतली तरी चाक फिरत राहतं. फरक इतकाच, की वेग सरला की चाक आपण होऊन थांबतं. मोटार वीज असेपर्यंत थांबत नाही. तो शेवट आपल्याला जोडून द्यावा लागतो. तोच टायमर.

जुन्या यंत्रात एक छोटी मोटार खाच असलेली चकती फिरवते. नाण्याने एक स्विच क्षणभर दाबला जातो, चकती खाचेतून बाहेर सरकते आणि चकतीचा स्वतःचा स्विच पुढची वीज चालू ठेवतो. पूर्ण फेरा झाला, खाच परत आली, की सगळं बंद. हे दोन्ही स्विच समांतर जोडलेले असतात.

दुखणं इथेच आहे. नाणं अडकलं तर नाण्याचा स्विच दबलेलाच राहतो आणि घोडा थांबत नाही. आम्ही याला घटना आणि अवस्था यांतला घोटाळा म्हणतो. नाणं 'पडलं' ही घटना. यंत्र मात्र नाणं 'आहे' ही अवस्था वाचतं. दुसरं, मधेच वीज गेली तर चकती अर्ध्यावर राहते. तासाभराने वीज आली की घोडा आपोआप हलू लागतो, मग शेजारी खेळणाऱ्या पोराचा हात कुठेही असो. तिसरं, अमेरिकेतला ६० हर्ट्झचा टायमर आपल्या ५० हर्ट्झवर मंद चालतो. ६० सेकंदांची फेरी ७२ सेकंदांची होते.

म्हणून दाबल्याच्या क्षणापासूनच वेळ मोजणारा, पुढे स्विच दबून राहिला तरी तो न जुमानणारा आणि वीज गेल्यावर शून्यावर येणारा इलेक्ट्रॉनिक टायमर घ्यावा. वीज गेल्यावर राहिलेली फेरी बुडते हे खरं. मालकाने नाणं परत द्यावं. पैशाची भरपाई होते, बोटाची होत नाही.

जोडणीचा क्रम असा. आधी एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. नाण्याचा स्विच आणि टायमर १२ किंवा २४ व्होल्टवर. २३० व्होल्ट फक्त कॉन्टॅक्टरमधून मोटारीकडे. तोडायची ती फेज. नुसतं न्यूट्रल तोडलं तर मोटार थांबते, पण आतल्या तारांत वीज राहते. घोड्याच्या लोखंडी सांगाड्याला पक्कं अर्थिंग. मोठं लाल बटण असं जोडावं, की ते दाबताच टायमर काहीही म्हणो, मोटारीची वीज तुटेल. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं.

नाण्याची फटही तपासा. १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया २५ मिलिमीटरचा, २०११ मध्ये आलेला २२ चा. जुन्या फटीतून नवं नाणं स्विचला न शिवताच निसटू शकतं.

मूल बसवण्याआधी रिकाम्या घोड्यावर तीन परीक्षा घ्या. नाण्याचा स्विच पाच मिनिटं दाबून धरा: घोडा ठरल्या वेळी थांबलाच पाहिजे. फेरी चालू असताना मेन बंद करून पुन्हा लावा: घोडा हलता कामा नये. लाल बटण दाबा: तत्काळ थांबला पाहिजे. तिन्हींत उतरला, तरच पहिलं नाणं टाका.