सेनापतीचें चित्र

आमच्या नातवानें परदेशांतून एका डच चित्राची छापील प्रत पाठविली. मूळ चित्र आम्स्टरडॅमच्या रायक्सम्यूझियममध्यें आहे. चित्रकार मीरेव्हेल्ट, चित्रांतील पुरुष ऑरेंजचा राजपुत्र मॉरिस (१५६७–१६२५), डच सेनेचा अधिपति. १६०० सालीं निऊपोर्टच्या लढाईंत त्यानें स्पॅनिश सैन्याचा पराभव केला. अंगावर सोन्याचा मुलामा दिलेलें चिलखत असून चित्रकारानें त्यावरील प्रकाशाची एकेक तिरीप टिपली आहे.

घरांतील मुलें भोंवतीं जमलीं. धाकट्या नातीनें विचारलें, "आजोबा, आपल्या हंबीररावांचें असें चित्र कोठें आहे?"

प्रश्न रास्त होता. कराडाजवळचें तळबीड हें हंबीरराव मोहित्यांचें गांव. १६७४ सालीं नेसरीस प्रतापराव गुजर पडल्यावर महाराजांनीं त्यांस सरनौबती दिली; १६८७ सालीं वाईजवळ लढतांना ते कामास आले. महाराणी ताराबाई या त्यांच्याच कन्या. परंतु त्यांच्या हयातींतलें विश्वसनीय असें चित्र आमच्या पाहण्यांत नाहीं. मास्तरकी करीत असतां आम्ही मात्र एक कल्पनाचित्र वर्गाच्या भिंतीवर लावून "हे पाहा हंबीरराव" असें वर्षानुवर्षें मुलांस सांगत आलों. ती चूक आतां नातीपुढें कबूल करावी लागली.

नवल असें कीं, खुद्द महाराजांची मुखचर्या आपणांस कळण्यास डचांचेंच साहाय्य झालें. डच धर्मोपदेशक व्हॅलेंटाइन यांनीं १७२४ ते १७२६ या काळांत छापलेल्या आपल्या ग्रंथांत महाराजांचें चित्र दिलें होतें. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांच्या परिश्रमानें तें १९३३ सालीं महाराष्ट्रापुढें आलें. त्यांत चिलखत नाहीं. १६५९ सालीं प्रतापगडाखालीं अफझलखानाच्या भेटीस जातांना महाराजांनीं चिलखत घातलें, पण तें अंगरख्याच्या आंत, असें बखरकार सांगतात. मॉरिसचें चिलखत जगानें पाहावें म्हणून रंगविलेलें; महाराजांचें कोणास दिसूं नये म्हणून घातलेलें!

मोहित्यांचें चित्र आतां आपण निर्माण करूं शकत नाहीं. पण आपल्या घरच्या पेटींत जुनीं छायाचित्रें असतील, त्यांच्या पाठीमागें नांव, गांव व साल लिहून ठेवणें आपल्या हातीं आहे. घरांतील वडील माणसें सांगावयास आहेत तोंवरच तें व्हावें. आम्हीं त्याच रात्रीं आरंभ केला. एकोणीस छायाचित्रें निघालीं. त्यांतील सात जणांचीं नांवें आम्हांसही सांगतां आलीं नाहींत.