साठ सापळ्यांचा शनिवार

सकाळी ६.४०
अजून नीट उजाडलेलं नाही. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य सातनंतरच दिसतो. शेजारच्या आजोबांच्या अंगणातला दिवा मात्र लागलाय. आजोबा ७६ वर्षांचे. एका छापखान्यात ३१ वर्षं काढून निवृत्त झाले. हिवाळ्यात ते मस्करॅट धरतात. मस्करॅट म्हणजे पाण्याकाठी राहणारा, किलोभर वजनाचा, दाट केसांचा प्राणी. घुशीसारखाच पोखरणारा. शेततळ्याच्या बांधात बिळं करतो आणि एक दिवस बांध खचतो. म्हणून शेतकरी आजोबांना स्वतःहून बोलावतात.

हंगाम सुरू होतो नोव्हेंबरच्या शेवटी. त्याआधी, पाण्यात गंजू नयेत म्हणून, सापळे डांबरात बुडवून काढायचे. आज ते काम आहे. मी इथल्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर माझ्या हातात झायलीन असतं, म्हणजे द्रावकच. कोणतं द्रावक कशाला, हा प्रश्न माझ्या ओळखीचा. आजोबा म्हणाले होते, "बघायला ये. पण जुने कपडे घालून ये."

सकाळी ७.२०
गॅरेजच्या खिळ्यांवरून सापळे खाली उतरवले. मोजले. ३६ चौकटीचे, २४ लांब स्प्रिंगचे पायसापळे. नातू चौदा वर्षांचा आहे. त्याच्या हातात तारेचा ब्रश. सप्टेंबरात हे सगळे सापळे गरम पाण्यात साबणाची पूड घालून उकळले होते. मग पंधरा दिवस पावसात टांगून ठेवले. मुद्दाम गंज येऊ दिला. नव्या लोखंडावर कारखान्यातलं तेल असतं, त्यावर काहीच धरत नाही. हलका तांबूस गंज चढला की डांबराला पकड मिळते. पापुद्र्याचा गंज मात्र नको. तो ब्रशने खरवडायचा.

खर्र, खर्र, खर्र. एका सापळ्याला दोन मिनिटं. नातवाची मजुरी रोखीत नाही. साठातले बारा सापळे यंदा त्याचे. त्यात जे सापडेल ते त्याचं.

प्रत्येक सापळ्याला तांब्याची चपटी पट्टी आहे, तिच्यावर मालकाचं नाव-पत्ता ठोकलेला. राज्याचा नियमच आहे तसा. पट्ट्या काढून एका डब्यात टाकल्या. डांबरात बुडाल्या तर नाव वाचता येणार नाही.

सकाळी ८.३०
आता मूळ प्रश्न. डिप म्हणून जे विकत मिळतं ते काकवीसारखं दाट, डांबरी असतं. एक क्वार्ट, म्हणजे लिटरला थोडं कमी, तेरा डॉलरला. तसंच लावलं तर गोळे होतील. एका क्वार्टला तीन क्वार्ट द्रावक घालून ते पातळ करायचं. आजोबांनी फळीवर तीन डबे मांडले. पेट्रोल, मिनरल स्पिरिट आणि व्हाइट गॅस.

पेट्रोल सगळ्यांत स्वस्त. दोन क्वार्ट डिपला सहा क्वार्ट, म्हणजे दीड गॅलन लागतं, पाच डॉलरच्या आसपास. डांबर त्यात झटकन विरघळतं. दोघंही खनिज तेलाच्याच घरातली. पण पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. डांबर विरघळवायला त्याचा उपयोग नाही, उलट ते हवेतलं पाणी ओढतं. शिवाय इंजिनासाठी घातलेली इतर रसायनं. पेट्रोल उडून जातं, ती मागे राहतात आणि वास मारतात. त्यात बेंझीनही असतं. लॅबमध्ये आम्ही बेंझीनला हात लावत नाही. त्याने रक्ताचा कॅन्सर होतो हे पक्कं ठाऊक आहे.

मिनरल स्पिरिट म्हणजे आपण रंगवाल्याकडून आणतो त्या थिनरचा भाऊ. त्याचा फायदा मोठा आहे. साधारण ४० अंश सेल्सिअसच्या खाली त्याची वाफ सहज पेट घेत नाही. आज तापमान १७ अंश आहे. पण ते सावकाश वाळतं. सापळा कित्येक दिवस चिकट राहतो, त्यावर पानं, धूळ, डास बसतात.

तिसरा डबा व्हाइट गॅसचा. कॅम्पिंगच्या स्टोव्हमध्ये घालतात ते इंधन. हलका नॅफ्था, त्यात भेसळ जवळजवळ काही नाही. पटकन उडतं आणि मागे फारसं काही ठेवत नाही. गॅलनचा डबा अठरा डॉलर. दीड गॅलनसाठी दोन डबे लागतात. छत्तीस डॉलर झाले.

नातू विचारतो, "मग हे पेट्रोलपेक्षा सुरक्षित ना?"

"अजिबात नाही," आजोबा म्हणतात. "शून्याखालीसुद्धा पेटतं. स्वच्छ आहे, सुरक्षित नाही. दोन्हीतला फरक लक्षात ठेव."

मला हे वाक्य लॅबच्या भिंतीवर लावावंसं वाटलं. द्रावकाचं काम एवढंच असतं, डांबर लोखंडापर्यंत पोचवायचं आणि स्वतः निघून जायचं. ते कसं जातं, किती वेळात जातं, जाताना वाटेत विस्तव आहे का, हे बघून निवडायचं. किंमत त्यानंतर. आजोबांनी व्हाइट गॅसचे दोन डबे उचलले आणि अंगणाच्या पार टोकाला नेले. घरापासून पंधरा पावलं. वाऱ्याची दिशा बघून बादली ठेवली.

सकाळी ९.१५
झाकणाची लोखंडी बादली, अरुंद आणि खोल. आधी सहा क्वार्ट द्रावक, मग दोन क्वार्ट डिप. लाकडी काठीने ढवळायचं, तळापासून. नायट्रिलचे जाड हातमोजे. खिशातले फोन घरात. नातू काठी फिरवतोय आणि आजोबा वाऱ्याच्या बाजूला उभे आहेत.

मिश्रण जमलं का हे बघायला आजोबा एक जुना खिळा बुडवतात. वर धरून मनात दहा आकडे मोजतात. खिळा चहासारखा तांबूस दिसला तर पातळ, टोकाशी थेंब लोंबकळत राहिला तर दाट. पहिल्या वेळी थेंब राहिला. वाटीभर व्हाइट गॅस आणखी गेलं. दुसरा खिळा एकसारखा काळा आला. "बस."

सकाळी ९.४०
कामाला लय आली. नातू सापळा तारेच्या आकड्यात अडकवून देतो. आजोबा बुडवतात, दोनदा वरखाली हलवतात म्हणजे सांध्यात हवा अडकत नाही, वर काढतात, बादलीवर निथळू देतात. मग मी तो दोन झाडांमध्ये बांधलेल्या तारेवर अडकवते. एकमेकांना लागता कामा नयेत. लागले तर तिथे ठिपका राहतो आणि पुढच्या वर्षी गंज तिथूनच सुरू होतो.

एका सापळ्याला जेमतेम मिनिट. पण बादली खाली, कंबर वाकलेली. पंधरा सापळ्यांनंतर आजोबा ताठ होतात, हात कमरेवर ठेवतात, काही बोलत नाहीत. दर वेळी विसावताना बादलीवर झाकण. उघडी ठेवली तर अठरा डॉलरचं द्रावक हवेत जातं आणि उरलेलं मिश्रण दाट होतं.

सकाळी १०.५०
कॉफी, घराच्या पायरीवर. आजोबांनी डावी बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गुळगुळीत, चुरगळलेल्या मेणकापडासारखी.

"१९७४. जानेवारी होता. थंडी म्हणून गॅरेजचं दार बंद. पेट्रोलमध्ये सापळे बुडवत होतो. कोपऱ्यात पाणी तापवायचा बंब, त्याची बारीक ज्योत कायम पेटलेली. माझ्यापासून बारा फुटांवर. मला वाटलं, लांब आहे."

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते. बारा फूट तिने सहज कापले. ज्योतीला लागली आणि आग त्याच वाटेने परत बादलीकडे आली. आजोबा वाचले कारण दाराजवळ होते. सापळेही वाचले. त्यातले काही आज तारेवर लटकतायत.

नातवाने ही गोष्ट आधी ऐकलेली दिसली. तरी तो हाताकडे बघत राहिला.

दुपारी १२.१५
३६ चौकटीचे झाले. जेवण म्हणजे ब्रेड, उकडलेली अंडी आणि मी आणलेलं थालीपीठ. जेवताना हिशेब. मागच्या हंगामात १४० कातडी. सरासरी तीन डॉलर. ४२० झाले. परवाना २१, डिप आणि द्रावक ६२. दर ३६ तासांत प्रत्येक सापळा तपासलाच पाहिजे, हा राज्याचा नियम. त्या फेऱ्यांचं ट्रकचं पेट्रोल २००. हातात उरले १३७. कातडं सोलून, चरबी खरवडून, साच्यावर ताणून वाळवायचे तास त्यात धरलेलेच नाहीत.

दहा-बारा वर्षांपूर्वी याच कातड्याचा भाव दहा डॉलरवर गेला होता. चीन आणि रशियाचे खरेदीदार होते. २०१९मध्ये टोरंटोचं मोठं फर लिलावघर अडचणीत आलं. आजोबा तेव्हापासून भावाबद्दल फारसं बोलत नाहीत. पेट्रोल वापरलं असतं तर एकतीस डॉलर वाचले असते. म्हणजे दहा कातडी. आजोबांनी हा हिशेब स्वतःच सांगितला आणि थालीपीठाचा दुसरा तुकडा घेतला.

दुपारी १.१०
पायसापळे जड. एकावर बारीक अक्षरं दिसतात, जुनी. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्क राज्यातल्या ओनायडा इथे सेवेल न्यूहाउस नावाच्या लोहाराने सापळ्यांना नाव मिळवून दिलं. पुढे तो धंदा विकला गेला आणि याच काउंटीतल्या लिटिट्झ गावात आला. आजोबांच्या वडिलांनी हा सापळा तिथून घेतला होता. दरवर्षी डांबर लागलं म्हणून तो अजून चालतो.

मी तो हातात धरून उभी राहिले. माझं माहेर अचलपूरचं. मेळघाट आमच्या दारातून दिसतो. २०१३च्या सुमारास तिथल्या वाघांच्या शिकारीच्या बातम्यांत अशाच लोखंडी जबड्यांचे फोटो असायचे, याहून कितीतरी मोठे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशी शिकार गुन्हा आहे, आणि तो गुन्हाच राहिला पाहिजे. इथे दात असलेले जबडे चालत नाहीत, साडेसहा इंचांहून रुंद चालत नाहीत, नाव लिहावं लागतं. तरीही मला सापळा आवडत नाही. आजोबांना ते माहीत आहे. त्यांनी माझ्या हातातून तो घेतला आणि बुडवला.

दुपारी २.२०
साठावा सापळा तारेवर गेला.

कोल्ह्याचे आठ सापळे वेगळे ठेवलेत. त्यांना डांबर नाही. मस्करॅटचे सापळे पाण्यात असतात, वास पाणीच धुऊन नेतं. कोल्हा जमिनीवर नाक लावून येतो. उडून गेलेल्या द्रावकाचा उरलेला वासही त्याला पुरतो. म्हणून ते पुढच्या शनिवारी लॉगवूडच्या पाण्यात उकळायचे, मग वितळलेल्या पॅराफिन मेणात. लॉगवूड म्हणजे मेक्सिकोकडच्या एका झाडाचं लाकूड. नातवाने पुडी दाखवली, लालसर-काळे खडे. माझ्या तोंडून "अरे!" निघालं. याच लाकडातून हिमॅटॉक्सिलिन निघतं. लॅबमध्ये पेशींची केंद्रकं निळी करायला मी ते रोज वापरते. आणि तपासणीचे तुकडे धरायला पॅराफिन मेण. दोन्ही कामांचं सामान एकच.

दुपारी ३.४५
सकाळचे सापळे हाताला कोरडे लागतायत. आता बारीक काम. चौकटीच्या सापळ्याच्या चापाला जी खाच असते तिच्यात डांबर बसलं तर चाप निसटतो आणि मांडताना सापळा बोटांवर बंद होतो. आजोबा खिशातल्या चाकूने प्रत्येक खाच खरवडतात. छत्तीस खाचा. चष्मा कपाळावर, जीभ दातांत. हे काम नातवाला देत नाहीत. "पुढच्या वर्षी."

संध्याकाळी ५.१०
उरलेलं मिश्रण बादलीत, झाकण घट्ट, वर खडूने तारीख. अर्धा डबा व्हाइट गॅस उरलंय, ते कंदिलाला. चिंध्या गोळा करून टाकायच्या नाहीत. कुंपणावर एकेक पसरून वाळवायच्या, मग काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात. नाल्यात थेंब नाही, त्याच नाल्यात पुढच्या महिन्याअखेर सापळे मांडायचेत.

सापळे तीन आठवडे असेच लटकणार. वारा सुटला की एकमेकांना न लागता हलतात. नातू तारेखालून वाकून घरी गेला, हातमोजे काढले तरी बोटं काळीच.

घरी सायकलची चेन पेट्रोलने धूत असाल, कपड्यावरचा रंगाचा डाग थिनरने काढत असाल, तर ते काम अंगणात किंवा गच्चीवर करा. दार उघडं ठेवूनही घरात नको. गॅस गिझर, शेगडी आणि देवघरातली समई बारा फुटांवर असली तरी जवळच आहे.