बशीच्या बुडावरचा शिक्का

वडखळला आमच्या शेजारच्या काकींनी माळा साफ करताना सापडलेली निळी-पांढरी बशी माझ्यापुढे ठेवली. "बाय, तू एवढं शिकतेस, ही किती जुनी ते सांग." बुडावर सहा चिनी अक्षरं होती. त्यांच्या भाच्यानं मोबाइलवर ती वाचून काढली होती: 'महान मिंग, छंगह्वा काळात बनवलेली'. हा सम्राट १४६५ ते १४८७ मधला. काकींनी त्या पैशांत मनातल्या मनात घराची कौलं काढून स्लॅबही घालून टाकला होता. आणि मी, रोज एक्सआरएफच्या आलेखांत डोकं घालणारी, म्हणाले, "असू शकेल." पुढचे तीन आठवडे हे दोन शब्द निस्तरण्यात गेले.

मला ते पटलं याला कारण होतं. इथून अलिबागच्या रस्त्यानं पुढे गेलं की चौल लागतं, आणि त्या जुन्या बंदरात चिनी पोर्सेलिनची खापरं मिळालेली आहेत. पण जवळ बंदर होतं म्हणून माळ्यावरची बशी तिथूनच आली, असं होत नाही. उत्खननातल्या खापरीला तिचा थर असतो. माळ्यावरच्या वस्तूला तसलं काहीच नसतं, म्हणून तिथे वस्तूलाच विचारावं लागतं.

मी बशी उलटी करून भिंगाखाली नीट पाहिली. कड्याच्या आत, झिलईवर पाच बारीक खडबडीत ठिपके होते. भट्टीत बशीचं बूड खाली बसू नये म्हणून मातीच्या छोट्या टेकूंवर ती ठेवायचे. टेकू तोडला की ही खूण राहते. जपानमधल्या अरिताच्या कारागिरांची ही नेहमीची पद्धत, चिनी कारागीर सहसा ती वापरत नसत. आणि जपानमध्ये पोर्सेलिनच मुळी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, अरितामध्ये सुरू झालं. म्हणजे शिक्क्यातला काळ संपल्यावर शंभराहून जास्त वर्षांनी.

मग बशी नकली का? नाही. छंगह्वाच्या काळची भांडी इतकी नावाजलेली होती की पुढे चीनमध्येही आणि जपानमध्येही तो शिक्का सर्रास घातला जाई, बऱ्याचदा कुणाला फसवायचा हेतू नसताना. शिक्का दुसऱ्या काळाचा, बशी मात्र खरी जपानी. आता प्रश्न उरला, कधीची?

नक्षी जवळून पाहिली तर रेघा सलग नव्हत्या. तुटक ठिपक्या-रेघांची बनलेली वेलबुट्टी, आणि एके ठिकाणी दोन तुकड्यांचा सांधा जुळलेला नाही. हे कापलेल्या कागदाच्या छाप्याचं काम. मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, अशा छापील बश्या ढिगानं बनल्या. पण थांबा, छाप्याचं तंत्र सतराव्या शतकाच्या शेवटीही थोडंफार वापरलं गेलं होतं. एकट्या छाप्यावर निकाल देता येत नाही.

म्हणून निळा रंग तपासला. जुन्या जपानी भांड्यांत नैसर्गिक कोबाल्ट-खनिज वापरायचे, त्यात मँगेनीज भरपूर असतं, बहुधा कोबाल्टपेक्षाही जास्त. १८७०च्या सुमारास अरितात युरोपातला शुद्ध केलेला कोबाल्ट आला (गॉटफ्रीड वागेनर हा जर्मन रसायनतज्ज्ञ तेव्हा तिथे होता), त्यात मँगेनीज जवळपास नसतं. एक्सआरएफला बशी फोडावी लागत नाही, म्हणून हीच चाचणी काकींना मान्य झाली.

इथे मी दुसऱ्यांदा घसरले. पहिल्या मोजणीत मँगेनीज दिसलं आणि मी खूश. मग लक्षात आलं की फक्त निळ्या भागाचंच मापन घेतलं होतं. एक्स-किरण रंगाच्या थरातून पलीकडे जातात, त्यामुळे झिलईतलं आणि खालच्या मातीतलं मँगेनीजही आकड्यात येतं. शेजारच्या पांढऱ्या भागाचं मापन घेऊन ते वजा केलं, तेव्हा निळ्याच्या वाट्याला मँगेनीज जवळपास उरलंच नाही. कोबाल्टचीही एक भानगड आहे: त्याची मुख्य रेषा ६.९३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, तर लोखंडाची दुसरी रेषा ७.०६ ला. मातीत लोखंड असतंच, त्यामुळे फिकट निळ्यावर यंत्र लोखंडालाच कोबाल्ट समजू शकतं. तुम्ही असं काम करणार असाल तर गडद निळा भाग निवडा, आणि यंत्राच्या पडद्यावरचा आकडा उतरवून घेण्याआधी मूळ आलेख उघडून पाहा. माझ्या गाइडनं मला हे दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं.

आता हिशोब मांडा. टेकूच्या खुणा म्हणतात जपानी, म्हणजे सतराव्या शतकाच्या आधीची नाही. मँगेनीज नसलेला कोबाल्ट म्हणतो, १८७०च्या आसपासच्या आधीची नाही. दोन्ही पुरावे अलीकडची हद्द सांगत नाहीत. तशा रंगानं आज बनवलेली बशीही याच चाचणीत बसेल. तिथे मला छाप्याची पद्धत, झिलईवरची झीज यांवरच भागवावं लागलं. बुडावर 'निप्पॉन' किंवा 'जपान' नाही म्हणून ती १८९१ च्या आधीची, असंही कुणी म्हणेल. पण मालावर देशाचं नाव हवंच, हा नियम अमेरिकेत जाणाऱ्या मालाला होता, मुंबईत उतरणाऱ्या मालाला नव्हे. थर्मोल्युमिनेसन्स चाचणी करता आली असती, पण तिला बशीतून नमुना खोदून काढावा लागतो, आणि उत्तरात वीस-पंचवीस टक्के इकडेतिकडे. १८८० की १९१० हे त्यातून कळणारच नाही.

मी काकींना सांगितलं, १८७० नंतरची, बहुतेक मेइजी काळातली, रोजच्या वापरातली जपानी छापील बशी. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे स्लॅब नाही." मी नाही म्हटलं. आधीच 'असू शकेल' म्हटलं नसतं तर हे सांगणं एवढं जड गेलं नसतं.

ही बशी इथे आली कशी? काकींच्या आजेसासऱ्यांचं मुंबईच्या गोदीत येणंजाणं होतं, आणि १८९३ मध्ये टाटांच्या पुढाकारानं मुंबई–कोबे थेट जहाजवाहतूक सुरू झाली होती. जुळतं छान, पण जुळणं म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून हे मी नोंदवहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवलंय. पेणला त्यांच्या जावेकडे अशीच आणखी एक बशी आहे म्हणतात. रविवारी जाणार आहे. त्या बशीवरही सांधा त्याच जागी चुकलेला असेल तर दोन्ही एकाच छाप्याच्या असण्याची शक्यता वाढेल. या वेळी पांढऱ्या भागाचं मापन आधी घेणार आहे.