विरल वायूतील ध्वनितरंगांचे प्रसारण : काचेच्या हंडीतील प्रयोगाचा पुनर्विचार

प्रस्तावना :
काचेच्या हंडीत विद्युतघंटा टांगून पंपाने हवा काढत गेल्यास आवाज क्षीण होत जातो, हा प्रयोग शालेय स्तरापासून सर्वपरिचित आहे. रॉबर्ट बॉईल यांनी १६६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात घड्याळ वापरून केलेल्या अशाच प्रयोगाचे वर्णन आढळते. ध्वनीला माध्यम लागते, हे खरेच; परंतु हंडीतील आवाज ‘माध्यम न उरल्यामुळे’ थांबतो, हे प्रचलित स्पष्टीकरण तपासून पाहणे आवश्यक आहे.

विवेचन :
वायूचे रेणू दोन टकरींच्या दरम्यान जे सरासरी अंतर कापतात, त्यास सरासरी मुक्त पथ म्हणतात. ध्वनीची तरंगलांबी या अंतराहून पुष्कळ मोठी असेपर्यंत वायू सलग माध्यमाप्रमाणे वागतो. सामान्य दाबाच्या हवेत मुक्त पथ सुमारे ०.०७ मायक्रोमीटर असतो. दाब एक सहस्रांश केल्यास तो सुमारे ०.०७ मिलिमीटर होतो. १,००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी मात्र ३४ सेंटिमीटरच्या आसपासच राहते, कारण आदर्श वायूतील ध्वनीचा वेग दाबावर नव्हे, तर तापमानावर व वायूच्या प्रकारावर अवलंबून असतो. म्हणजेच, इतक्या विरल हवेतूनही ध्वनी जातोच.

मग आवाज का मंदावतो? माध्यमाची घनता व त्यातील ध्वनीचा वेग यांच्या गुणाकारास ध्वनिसंरोध म्हणतात. घनतेबरोबर तोही घटतो. परिणामी, घंटा पूर्वीइतक्याच जोराने कंप पावत असूनही विरल हवेला फार थोडी ऊर्जा देऊ शकते आणि हवेतून काचेत शिरताना त्यातील बहुतांश परावर्तित होते. याखेरीज श्यानता व उष्णतावहन यांमुळे होणारे शोषण दाब घटल्यास वाढते. ते वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने लांब अंतरावर उच्च स्वर आधी लोपतात.

मंगळ ग्रह हे याचे नैसर्गिक उदाहरण होय. तेथील दाब पृथ्वीच्या एक शतांशाहूनही कमी आहे. तरीही २०२१ मध्ये ‘पर्सिव्हिअरन्स’ या रोव्हरवरील मायक्रोफोनने वाऱ्याचे व हेलिकॉप्टरचे आवाज टिपले. तेथे ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे २४० मीटर आढळला. उच्च वारंवारतांसाठी तो सुमारे २५० मीटर होता. जलद कंपनांत कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंच्या अंतर्गत कंपनांना ऊर्जा सामावून घेण्यास अवधी मिळत नाही, हे या फरकाचे कारण आहे.

समारोप :
सारांश, हंडीतील प्रयोग निर्वातातील शांतता प्रत्यक्ष दाखवीत नाही. दाब घटत जाताना दिसणाऱ्या प्रवृत्तीवरून ते अनुमान काढले जाते. निरीक्षण आणि अनुमान यांतील हा भेद प्राध्यापकांनी वर्गात स्पष्ट केल्यास, हाच जुना प्रयोग विद्यार्थ्यांना अधिक शिकवून जाईल.